स्थिरचित्राआधीची अभ्यासचित्रे

स्थिरचित्रातला तांब्या हात लावून बघावासा वाटतो, तो बहुतेक वेळा आधी केलेल्या अभ्यासचित्रांमुळे. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत स्थिरचित्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. त्यामुळे राजूरसारख्या (ता. अकोले) गावातल्या मुलांनाही भांडे, फळे आणि मागे सोडलेले कापड ही मांडणी ओळखीची असते.

पहिले अभ्यासचित्र असते मांडणीचे. चारदोन बोटांच्या चौकटीत वस्तूंच्या जागा बदलून पाहायच्या, एवढेच.

खरी कसोटी छायाप्रकाशाच्या अभ्यासात लागते. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे पुसले जातात आणि उजेड, मध्यछटा, गडद भाग असे मोठे आकार उरतात. कोळशाने किंवा एकाच रंगाने तेवढेच उतरवायचे. पितळी तांब्यावरची चमक पांढऱ्या रंगाने येत नाही. शेजारची छटा पुरेशी गडद असली तरच ती उठते. सावलीतल्या कडेला कापडाचा रंग परावर्तित होतो, तोही इथेच सापडतो. तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळे चुकली, तर मात्र कितीही सुंदर रंग व्यर्थ!

त्यानंतर छोटा रंगाभ्यास. फळे सुकतात, उजेड सरकतो. म्हणून तो झटपट करावा लागतो.

याउलट, डच चित्रकार यान व्हान हाउसम खरी फुले उमलेपर्यंत थांबत असे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या एका पुष्पचित्रावर 1736 आणि 1737 अशी दोन्ही वर्षे आहेत.

परीक्षेला बसणाऱ्यांनी निदान छायाप्रकाशाचा अभ्यास तरी टाळू नये.