८१ सेंटिमीटर

दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याला उभं करून मोजलं आणि उंची ८१ सेंटिमीटरच्या खाली भरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने त्याची वाढ खुरटलेली ठरते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची अशी मुलं २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ३४.४ टक्क्यांवर आली आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३५.२. गाडी अडली. अशा वेळी आपल्याकडे चर्चा रंगते ती अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटाची, अंडं की केळं याची. ती हवीच, पण पाकीट घरी पोचेपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असतं.

उदाहरणार्थ, बीडहून गाव सोडून ऊसतोडीला जाणारे मजूर कोयत्यावर मोजतात, आणि एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही जोडीलाच. साहजिकच मुलीचं लग्न लवकर उरकण्यात रोकडा हिशेब असतो. स्वतःचीच वाढ पुरी न झालेली ती पोर गरोदरपणीही डोक्यावर मोळी वाहते. बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका तिथेच वाढतो. पुढे हंगामाचे पाचेक महिने फडाशेजारची कोपी म्हणजे झोपडी, लांबून आणलेलं पाणी, उघड्यावर शौच. आई पहाटेच फडात, बाळाला भरवायला जेमतेम सहा-सात वर्षांची ताई. जुलाब सारखे होत राहिले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

‘आपण मुळातच ठेंगणे, नॉर्वेचं माप आपल्याला कशाला?’ हा आक्षेप जुना आहे. पण २००६ चं हे माप सहा देशांतल्या मुलांवरून बसवलं, त्यात दक्षिण दिल्लीतली सुखवस्तू घरांतली मुलंही होती, आणि ती ऑस्लोच्या मुलांच्या बरोबरीनेच वाढली. आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच, की ठेंगण्या आईचं मूल एका पिढीत सगळी कसर भरून काढत नाही. मात्र आईची उंची बालपणीच खुंटली असेल, तर त्याला रक्ताचा गुण कसं म्हणायचं? दोन-चार सेंटिमीटरने काय बिघडतं, असंही विचारतात. उंचीने फारसं नाही. पण ज्या दोन-तीन वर्षांत हाडं मागे पडतात, त्याच वर्षांत मेंदूही घडत असतो.

आता हंगामाला गाव सोडताना अंगणवाडीच्या ॲपवर मुलाचं नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं, ही सोय चांगलीच. पण कोपीपासून ती दुसरी अंगणवाडी किती लांब, आणि पहाटे निघालेल्या आईने मुलाला तिथे पोचवायचं कधी?