कल्पनारम्य बालनाट्य आणि सामाजिक कृती
कल्पनारम्य बालनाट्यात राक्षस, चेटकीण अशा पात्रांतून भीती व अन्याय साकार होतात आणि दुबळे वाटणारे पात्र धैर्याने व युक्तीने त्यांवर मात करते. मराठीत या नाट्यप्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे प्रमुख होत. त्यांनी १९६२ साली मुंबईत 'बालनाट्य' ही संस्था स्थापन केली. 'निम्मा शिम्मा राक्षस' व 'अलबत्या गलबत्या' ही त्यांची नाटके लोकप्रिय आहेत. 'निर्भय बनो' आणि नर्मदा बचाव या आंदोलनांतही ते सहभागी होते. त्यांच्या पुढाकाराने ठाण्यात सुरू झालेल्या 'वंचितांचा रंगमंच' या उपक्रमात वस्त्यांमधील मुले स्वतःच्या जगण्यातील प्रश्नांवर नाटिका बसवतात. अद्भुत नाटकात राक्षसाच्या रूपाने येणारा अन्याय येथे मुले स्वतःच्या अनुभवातून, थेट मांडतात.