केंद्रकाविना पेशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्रक म्हणजे जनुकीय द्रव्याभोवती दुहेरी पटल असलेला पेशीतील कोश. जीवाणूंमध्ये तो नसतो हे शाळेतच शिकवले जाते, परंतु त्यामागचे कारण अनुत्तरित राहिल्याने हा अभाव उणीव मानला जातो आणि पुढील गैरसमज रूढ होतात.

गैरसमज : केंद्रक नसल्याने डीएनए पेशीभर विखुरलेला असतो.
वस्तुस्थिती : आतड्यात आढळणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए उलगडल्यास सुमारे दीड मिलिमीटर भरतो, तर त्याची पेशी जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब असते. तरीही पिळांवर पीळ पडून आणि प्रथिनांनी आवळला जाऊन तो ‘केंद्रकाभ’ नावाच्या, पटल नसलेल्या क्षेत्रात नीट सामावतो.

गैरसमज : जीवाणूंनी केंद्रक गमावले.
वस्तुस्थिती : माणसाची तांबडी रक्तपेशी पक्व होताना केंद्रक बाहेर टाकते, परंतु जीवाणूंच्या पूर्वजांकडे ते कधी नव्हतेच, सूक्ष्मजीवांच्या अस्तित्वाचे पुरावे सुमारे 350 कोटी वर्षे मागे जातात आणि केंद्रक पुष्कळ नंतर, एका वेगळ्या शाखेत उत्क्रांत झाले.

गैरसमज : केंद्रकाविना पेशीचे काम मंदावते.
वस्तुस्थिती : केंद्रक असलेल्या पेशीत डीएनएवरून उतरवलेला संदेश, म्हणजे आरएनए, आधी पटलाबाहेर यावा लागतो आणि मगच रायबोसोम हे कण त्यानुसार प्रथिन बनवतात; जीवाणूंत असा अडसर नसल्याने संदेश पुरता उतरण्याआधीच प्रथिननिर्मिती सुरू होऊ शकते. अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे 20 मिनिटांत विभागतो, यात या झटपट प्रतिसादाचाही वाटा आहे.

गैरसमज : केंद्रक नसलेला प्रत्येक जीव जीवाणूच असतो.
वस्तुस्थिती : जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग खारप्रेमी आर्कियांमुळे आल्याचे सांगितले. आर्कियांनाही केंद्रक नसते. मात्र कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोममधील आरएनएची तुलना करून ती जीवाणूंहून निराळी शाखा असल्याचे दाखवले, आणि केंद्रक असलेल्या जीवांचा वंश जीवाणूंपेक्षा आर्कियांना अधिक जवळचा असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

म्हणूनच तुलनेच्या तक्त्यात ‘केंद्रक : नाही’ एवढेच लिहून शिक्षकांनी थांबू नये, त्याजागी काय असते आणि त्याने काय साधते, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.