विश्लेषण : एक इंजिन, दोन करंट! मुंबई-पुणे मार्गावरच्या ‘डब्ल्यूसीएएम-३’ची गोष्ट हिंजवडीकरांनी का समजून घ्यावी?

चिंचवड किंवा आकुर्डीला उतरून हिंजवडीची बस पकडणाऱ्या प्रवाशाला गाडी वेळेवर आली की नाही, एवढ्याशीच मतलब असतो. तिच्या डोक्यावरच्या तारेत कोणता करंट आहे, हे कोणी पाहत नाही. पण याच तारेमुळे मुंबई-पुणे मार्गावर अनेक वर्षे खास इंजिने वापरावी लागली. आता हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या निमित्ताने पिंपरी-चिंचवडच्या आसपास पुन्हा दोन प्रकारचे करंट आले आहेत. त्यामुळे ‘डब्ल्यूसीएएम-३’ या इंजिनाची गोष्ट निव्वळ रेल्वेप्रेमींपुरती राहिलेली नाही.

इंजिनाच्या नावाचा अर्थ काय?

भारतीय रेल्वेच्या प्रत्येक इंजिनावर त्याची कुंडली लिहिलेली असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘सी’ म्हणजे डीसी करंट, ‘ए’ म्हणजे एसी करंट आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व मालगाडी या दोन्हींसाठी. शेवटचा आकडा त्या मालिकेतला क्रमांक. म्हणजे ‘डब्ल्यूसीएएम-३’ हे डीसी आणि एसी अशा दोन्ही तारांखाली धावणारे इंजिन. ‘भेल’ने १९९७-९८ च्या सुमारास अशी ५३ इंजिने बांधली आणि ती मध्य रेल्वेच्या कल्याण लोको शेडकडे आली. एसी तारेखाली त्याची ताकद ५००० अश्वशक्ती, तर डीसीखाली ४६०० अश्वशक्ती. वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर.

मुंबई-पुणे मार्गावर डीसी करंट का होता?

कारण सुरुवातच तशी झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळी हेच तंत्रज्ञान भरवशाचे होते. त्यानंतर काही वर्षांतच ‘जीआयपी’ रेल्वेने एकीकडे इगतपुरी आणि दुसरीकडे पुण्यापर्यंत तारा नेल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच तारांखाली धावली. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या काळच्या इंजिनांना लोक त्यांच्या रूपावरून आणि आवाजावरून ‘खेकडा’ म्हणत. त्यातले ‘सर लेस्ली विल्सन’ हे इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट एसी प्रणाली निवडली. देशभर एसीच्या तारा पसरत गेल्या. मुंबई आणि तिच्याभोवतीचे मार्ग मात्र डीसीचे बेट होऊन राहिले.

१५०० आणि २५ हजार व्होल्टमध्ये एवढा काय फरक?

साधा हिशेब पाहू. ४६०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३४३० किलोवॉट. १५०० व्होल्टवर एवढी ताकद हवी असेल तर तारेतून जवळपास २३०० अँपिअर विद्युतप्रवाह खेचावा लागतो. २५ हजार व्होल्टवर ५००० अश्वशक्तीसाठी मात्र साधारण दीडशे अँपिअर पुरतात. घरातला दीड टनाचा एअर कंडिशनर सहा-सात अँपिअर घेतो, यावरून अंदाज यावा.

प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणून डीसीला जाड तारा लागतात आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र उभारावे लागते. एसीची उपकेंद्रे कितीतरी लांब अंतरावर ठेवता येतात. लांब गाड्या आणि मोठा घाट असेल तर हा फरक थेट खर्चात आणि गाडीच्या ताकदीत दिसतो.

दोन करंटचे इंजिन का लागले?

डीसीचे इंजिन एसी तारेखाली चालत नाही आणि एसीचे डीसीखाली. त्यामुळे जिथे तार बदलते तिथे गाडी थांबवून इंजिन बदलावे लागे. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांसाठी हे ठिकाण इगतपुरी होते. इंजिन काढा, दुसरे जोडा, ब्रेक तपासा, मगच पुढे निघा. गाडीमागे काही मिनिटे, पण दिवसभराच्या गाड्यांचा विचार केला तर फलाट अडकून राहत आणि जादा इंजिनेही बाळगावी लागत.

‘डब्ल्यूसीएएम-३’ने यावर तोडगा काढला. डीसी तारेखाली वीज थेट मोटरींच्या मंडलात जाई आणि गाडी सुटताना रोधकांच्या मदतीने प्रवाह काबूत ठेवला जाई. एसी तारेखाली तीच वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन कमी व्होल्टची होई, रेक्टिफायर तिचे डीसीत रूपांतर करी आणि मग त्याच सहा मोटरी फिरत. दोन तारांच्या मध्ये वीज नसलेला एक तुकडा असे. चालक वीजपुरवठा बंद करी, गाडी आपल्याच वेगाने तो तुकडा ओलांडी आणि पलीकडे इंजिन दुसऱ्या करंटवर घेतले जाई. डब्यातल्या प्रवाशाला याचा पत्ताही लागत नसे.

पुण्याच्या प्रवाशांना याचा उपयोग कधी झाला?

पुणे-कल्याण पट्ट्यात तारा डीसीवरून एसीवर नेण्याचे काम २०१० च्या सुमारास झाले. पण मुंबईच्या टोकाला डीसीच होता. मुंबईची उपनगरी सेवा बंद न ठेवता, लोकल, उपकेंद्रे आणि सिग्नल यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलायची होती. त्यामुळे काही वर्षे पुण्याहून निघालेल्या गाडीला बरीचशी वाट एसी आणि उरलेली डीसी मिळत होती. डेक्कन क्वीन असो वा इंद्रायणी, दोन करंटच्या इंजिनाशिवाय रोजचे जाणे-येणे अशक्य होते. मुख्य मार्गावर मुंबईपर्यंतचे काम जून २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरूनही डीसीने निरोप घेतला.

मग या इंजिनांचे काय झाले?

सीमाच उरली नाही, तेव्हा सीमा ओलांडणाऱ्या इंजिनाचे खास कामही संपले. ‘डब्ल्यूसीएएम-३’ एसीवर धावू शकते, पण त्यातली डीसीची यंत्रणा आता नुसते ओझे आहे. भारतीय रेल्वेत विद्युत इंजिनाचे आयुष्य साधारण ३५ वर्षे धरतात आणि या इंजिनांनी पंचविशी ओलांडली आहे. आता कोणतेही एसी इंजिन पुण्याहून थेट मुंबईत येऊ शकते. ६००० हून अधिक अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूएपी-७’ घाट उतरताना ब्रेक लावते, तेव्हा वीज पुन्हा तारेत परत पाठवते.

घाट मात्र तोच आहे. कर्जत-लोणावळा दरम्यान चढ १ः३७, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर वर चढते. म्हणूनच मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना आजही कर्जतला मागून बँकर इंजिने जोडली जातात. करंट बदलला तरी हा थांबा सुटलेला नाही.

हिंजवडीचा याच्याशी संबंध काय?

पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी पुणे मेट्रो डोक्यावरच्या २५ हजार व्होल्ट एसी तारेवर चालते. हिंजवडी-शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या, २३ स्थानकांच्या मार्गिकेसाठी मात्र रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी देण्याची रचना आहे. मेट्रोसाठी कमी व्होल्टचा डीसी चुकीचा नाही. गाड्या हलक्या, अंतर कमी आणि उपकेंद्रे जवळ असतात. शिवाय उन्नत मार्गावर खांब आणि तारांचे जाळेही लागत नाही.

पण परिणाम ओळखीचाच आहे. एका मार्गिकेची गाडी दुसरीवर जाऊ शकणार नाही. रेल्वेने हा प्रश्न दोन करंटच्या इंजिनाने सोडवला. मेट्रोत तो शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालय स्थानकावर प्रवाशाच्या पायांनी सुटणार आहे. तिथला जोडरस्ता किती छोटा, जिने किती रुंद आणि एकच तिकीट दोन्हीकडे चालते का, यावर हिंजवडीकरांचा रोजचा वेळ ठरेल.

मुंबई-पुणे मार्गाचा धडा एवढाच, की दोन यंत्रणा जिथे भेटतात तिथला खर्च टळत नाही. तो एक तर इंजिन उचलते, नाही तर प्रवासी.