उपकरणांच्या निद्रेची व्यवस्था

लॅपटॉपचे झाकण मिटताच पडदा काळा होतो, एवढेच आपल्याला दिसते; परंतु त्या क्षणी आत प्रत्येक उपकरणाच्या कारभाऱ्यास, म्हणजे ड्रायव्हर नामक आज्ञावलीस, आवराआवरीचा हुकूम सुटलेला असतो. लिनक्समध्ये पूर्वी पीसीआय या जोडणीवर बसविलेल्या कार्डाचा ड्रायव्हर कार्डाच्या नोंदी स्वतःच जपून ठेवी, वीजही स्वतःच उतरवी, आणि ज्याचा हा क्रम चुके त्याचे कार्ड जागे झाल्यावर मुकेच राही. आता हे सामायिक काम पीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेने आपल्या शिरावर घेतले असल्यामुळे, जुन्या ड्रायव्हरांचे आधुनिकीकरण म्हणजे बव्हंशी ओळी खोडणे होय. सुधारणेचा हा प्रकार, माझ्या मते, दुर्मीळच.

लिनक्सच्या डिसेंबर २००९ मधील २.६.३२ आवृत्तीत, संगणक जागा असतानाही रिकामे उपकरण निजविण्याची सर्वसाधारण सोय आली. उपकरण किती जण वापरीत आहेत याचा एक आकडा ठेवला जातो. तो शून्यावर आला की वीज उतरविण्यास मुभा मिळते. क्षणोक्षणी झोपणे-उठणे हेही खर्चाचेच, म्हणून यूएसबीमध्ये त्यापूर्वी सामान्यतः २ सेकंद वाट पाहिली जाते. मात्र काम संपल्यावर तो आकडा एकाने कमी करण्यात ड्रायव्हरने कसूर केली, तर उपकरण रिकामे असूनही ताटकळत जागेच राहते, आणि बॅटरी कोणी खाल्ली याचा पत्ता लागत नाही.