मोतीबिंदू काढण्यापूर्वी नंबर ठरवा

१९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या बेटावरून कितीतरी मुलेमुली नर्सिंग शिकायला विलायतेत गेली. ती आता सत्तरी ओलांडून मोतीबिंदूच्या वयाला पोहोचली आहेत. शस्त्रक्रियेआधी तेथील डॉक्टर त्यांना विचारतात, चष्म्याशिवाय दूरचे दिसायला हवे की जवळचे? पुष्कळांना हा प्रश्नच नवा वाटतो.

त्याचे मूळ लंडनमध्येच आहे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी रुग्णाच्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून भिंगही पर्स्पेक्सचेच केले. घाट निसर्गाच्या भिंगाचा, पण पर्स्पेक्स प्रकाश अधिक वळवते. त्या बाईंना सुमारे उणे १८ नंबर आला! भिंग टिकले, नंबर हुकला.

आज डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई आधी मोजतात. लांबीच्या मापात एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबरात अडीच-पावणेतीनचा फरक पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मापापूर्वी त्या किती दिवस काढून ठेवायच्या हे अवश्य विचारावे.

साध्या भिंगाने दूरचे आणि जवळचे दोन्ही स्पष्ट मिळत नाही. बहुतेक जण दूरचे मागतात. विलायतेत गाडी चालवायची तर २० मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी लागते, हे खरे. पण जी आजी जन्मभर चष्मा काढून पोथी वाचत आली, सुईत दोरा ओवत आली, तिचा नंबर शून्यावर आणला तर तिची ती सोय जाते. तिला उणे अडीच ठेवले तर हातातले पुस्तक चष्म्याविना वाचता येते. बाहेर जाताना मात्र चष्मा लावावा लागतो. आम्हाला तर तिच्यासाठी हेच बरे वाटते.

एक डोळा दूरसाठी, दुसरा जवळसाठी, असेही करतात. पण सर्वांना ते मानवत नाही. पूर्वी लेन्सने तशी सवय झालेल्यांना सोपे जाते.

उणे सहा-सातवाल्यांनी आणखी एक विचारावे. एकच डोळा शून्यावर आणला, तर दुसऱ्याचे ऑपरेशन होईपर्यंत दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत नाही, चष्म्यानेही नाही. मधले आठवडे कसे काढायचे?

विलायतेच्या नाईस या संस्थेने २०१७ साली सांगितले आहे की हे सारे रुग्णाशी बोलूनच ठरवावे. भाषेची अडचण असेल तर मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या, आणि घरी काय काय करता ते सांगा. तांदूळ निवडता हेसुद्धा.