डीव्हीडीचं कव्हर घरी करताना

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं शहर आहे. तिथल्या पीडीओ कंपनीच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या बऱ्याच सीडी पुढे कडेकडून तांबूस पडत गेल्या. आधी गाण्यात खरखर यायची, मग गाणं अडखळायचं, शेवटी तबकडी वाजेनाशीच व्हायची. शोध घेतल्यावर बोट गेलं ते कव्हरमधल्या पुस्तिकेकडे. तिच्या कागदात गंधकाचा अंश होता आणि तबकडीवरचा संरक्षक लेप त्याला अडवू शकला नाही. लेपाखालचा चकचकीत धातूचा थर गंजत गेला.

लग्नाची, मुंजीची, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी आपल्याकडे अजून अनेक घरांत आहे. तिच्या डबीची बिजागरी तुटलेली असते, तबकडी धरून ठेवणारी मधली दाती मोडलेली असते आणि तबकडी कपाटात उघडीच लोळत असते. तिला घरच्या घरी चांगलं कव्हर करता येतं. मात्र कशापासून जपायचं आहे हे आधी कळलं पाहिजे.

डीव्हीडी म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाच्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. सीडीत तो अगदी वर, छापील बाजूला, पातळ लेपाखाली असतो. म्हणूनच सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहिलं तरी ती कायमची जायबंदी होऊ शकते. डीव्हीडी त्या मानाने सुरक्षित. तिचं दुखणं वेगळं आहे: वाकवली की दोन चकत्यांमधल्या सांध्यावर ताण येतो. घट्ट दातीतून तबकडी कडेला धरून ओढली, की नेमकं हेच होतं. दाती मध्यभागी बोटाने दाबायची आणि मग तबकडी अलगद उचलायची.

आता ओरखड्यांचं पाहू. डीव्हीडी वाचणारा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा. तबकडीच्या पृष्ठभागावर त्याचा झोत सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि आतल्या थरापर्यंत पोचताना तो साधारण हजारपटीने आवळला जातो. त्यामुळे पृष्ठभागावरचा ०.०५ मिलिमीटरचा धूलिकण त्या झोतातला जेमतेम एक टक्का उजेड अडवतो. खिडकीतून लांबचा डोंगर पाहताना काचेवरचा ठिपका जाणवत नाही, तसंच हे. शिवाय रीड-सॉलोमन नावाच्या गणिती पद्धतीने माहितीसोबत जादा आकडे लिहिलेले असतात, त्यांतून हरवलेला तुकडा पुन्हा जुळवता येतो. माहितीच्या वाटा गोल गोल फिरतात. ओरखडा त्यांना आडवा छेदून गेला तर प्रत्येक वाटेचा इवलासा भाग बिघडतो, तो भरून निघतो. वाटेच्या बरोबरीने गोल गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूरच खातो. म्हणून तबकडी पुसायची ती मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून कधीच नाही.

दातीची डबी मला पाकिटापेक्षा केव्हाही बरी वाटते. दाती तबकडीला फक्त भोकापाशी धरते, बाकी पृष्ठभाग अधांतरी राहतो. पाकिटात मात्र तबकडी आत-बाहेर करताना अडकलेली धूळ दर वेळी तिच्यावरून घासत जाते.

तरी डबी मिळेपर्यंत कागदाचं पाकीट चालेल, आणि त्याला डिंकही लागत नाही. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो उभा ठेवा आणि खालची कड १२५ मिलिमीटर वर दुमडा. दोन्ही बाजू, दोन्ही पदरांसकट, ४२.५ मिलिमीटर आत घ्या. वर ४७ मिलिमीटरचा पदर उरतो, तो तोंडातून आत खोचा. १२५ मिलिमीटरच्या खिशात १२० मिलिमीटरची तबकडी नीट बसते. वर्तमानपत्राचा कागद किंवा खोक्याचा पुठ्ठा नको. त्यांतलं लिग्निन नावाचं द्रव्य काळानुसार आम्ल सोडतं, रद्दी पिवळी पडते ती त्यामुळेच. आजचा झेरॉक्सचा कागद बहुतेक आम्लरहित असतो.

तबकडी आधी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायची असेल तर पॉलिप्रॉपिलीनची निवडा. प्लास्टिकवरच्या त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, ३ असेल तर पीव्हीसी. मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसी टाळाच. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलकट रसायनं हळूहळू बाहेर झिरपतात आणि तबकडीवर धुरकट थर धरतो.

गोल चिकट लेबलं लावण्याची एके काळी फार हौस होती. त्यांना माझा ठाम विरोध आहे. कागद पावसाळ्यात ओल पितो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि तबकडीला एका बाजूने ओढतो. त्यात संगणकाच्या १६एक्स ड्राइव्हमध्ये डीव्हीडी मिनिटाला १० हजारांच्या आसपास फेरे घेते. जराशा तिरक्या चिकटलेल्या लेबलाने तिथे थरथर सुरू होते. आधीच लावलेलं लेबल सोलू मात्र नका, त्याने आणखी नुकसान होतं. नाव लिहायचं असेल तर पाण्याच्या शाईचं पेन घ्या आणि भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर लिहा.

फोटोग्राफरने आपल्याला दिलेली डीव्हीडी बहुधा लिहिता येणारी असते. तिच्यात माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते आणि ते रंगद्रव्य उन्हाने फिकं पडतं. त्यामुळे डबीच्या पारदर्शक आवरणात सरकवायचा छापील कागद नुसत्या शोभेचा नाही, तो उजेड अडवतो. पावसाळ्याची धास्ती वेगळी. २००१ मध्ये स्पॅनिश संशोधक हाव्हिएर गार्सिया-गिनेआ यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून आलेली एक सीडी तपासली. जिओट्रिकम जातीच्या बुरशीने तिच्या थरांत वाटा पोखरल्या होत्या. बेलीझची हवा उष्ण आणि दमट, आपल्या कोकणासारखी. तेव्हा कव्हर बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका आणि तबकडी पुसून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत घालू नका.

डबी विकत आणलीत, तर छापील कव्हर घरीच करा. नेहमीची डबी १९० बाय १३५ मिलिमीटरची आणि १४ मिलिमीटर जाड असते. तिचा कागद २७३ बाय १८३ मिलिमीटरचा, म्हणजे आडव्या ए-फोरमध्ये सहज मावतो. दोन्ही कडांपासून १२९.५ मिलिमीटरवर पेन्सिलीने खुणा करा, मधली १४ मिलिमीटरची पट्टी म्हणजे डबीचा कणा. छापताना प्रिंटरला शंभर टक्के आकार सांगा, नाहीतर तो पान बसवण्याच्या नादात सगळं लहान करतो. कण्यावर नाव आणि साल घाला, म्हणजे डब्या उभ्या रचल्यावर हवी ती लगेच सापडते.

आणि पुढच्या बाजूला लग्नपत्रिका स्कॅन करून छापा. दोन्ही घरची नावं, गाव, तारीख, मुहूर्त, कार्यालय, सगळं तिच्यात असतंच. मागच्या बाजूला चित्रफितीत कोण कोण दिसतं ते लिहून काढा, मामी-मावश्यांच्या माहेरच्या नावांसकट. हे काम आई-वडिलांना शेजारी बसवून, तबकडी लावून करा, आणि ती संगणकात आहे तोवर तिची एक प्रत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.